खेळताना कन्सोल मध्येच बंद पडतो? सर्व्हिस सेंटरला नेण्याआधी काय तपासायचं आणि नेल्यावर काय मागायचं

मी मुंबईत गेम कन्सोल दुरुस्त करतो. "खेळता खेळता बंद पडतो" ही तक्रार माझ्याकडे बारा महिने येते, आणि मे आणि ऑक्टोबरमध्ये तर तिची रांगच लागते. येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी सर्व्हिस सेंटरला जाऊन आलेले असतात. कन्सोल तिथे आठवडाभर पडून राहिला, "चेक केला, दोष आढळला नाही" असा शेरा मारून परत मिळाला, आणि घरी आणल्यावर त्याच संध्याकाळी पुन्हा बंद पडला. पन्नास हजाराच्या आसपासची वस्तू घेतल्यावर हे वाट्याला आलं तर माणूस चिडणारच.

पण असं का होतं ते समजून घ्या. सर्व्हिस सेंटरची खोली एसीची असते आणि टेबल मोकळं असतं. कन्सोल थोडा वेळ मेन्यूवर चालू ठेवतात, फार तर एखादा हलका गेम लावतात. तिथे तो बंद पडणारच नाही. तो बंद पडतो तुमच्या घरी, टीव्हीखालच्या काचेच्या कप्प्यात, दुपारी तीन वाजता, जड गेम चालू असताना. दोष दाखवायचा तर तो नेमका कधी येतो हे तुम्हालाच पकडावं लागतं. खालच्या तपासण्यांचा फायदा दुहेरी आहे. बऱ्याचदा दुरुस्ती तिथेच होते, आणि नाही झाली तर तक्रारीत लिहायला ठोस मुद्दा हाती लागतो. त्यामुळे मोबाइलमध्ये नोंद करत करत पुढे जा.

आधी लक्षण ओळखा

"बंद पडतो" या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे आजार लपलेले असतात. तुमचा कोणता ते बघा.

जड गेम चालू केल्यावर वीस मिनिटांनी, अर्ध्या तासाने फॅनचा आवाज चढत जातो, स्क्रीनवर कन्सोल गरम झाल्याचा इशारा येतो आणि मग तो बंद होतो. थोडा वेळ थांबून चालू केला की पुन्हा चालतो, पण या वेळी आधीपेक्षा लवकर बंद होतो. मेन्यूवर किंवा सिनेमा बघताना काही होत नाही. हा उष्णतेचा आजार. प्लेस्टेशन ४ मध्ये अशा वेळी वरची पट्टी लाल होते.

काही इशारा नाही, फॅनचा आवाज नाही, लाइट गेल्यासारखा कन्सोल एकदम विझतो. मेन्यूवरही विझतो, वायरला हात लागला तरी विझतो. हा विजेचा आजार: सॉकेट, वायर किंवा आतला पॉवर सप्लाय.

ठरावीक गेममध्ये, ठरावीक ठिकाणी, लोडिंग चालू असताना स्क्रीन गोठते, मग एरर येते किंवा कन्सोल पुन्हा सुरू होतो. बाकीचे गेम नीट चालतात. इथे संशय हार्ड डिस्कवर, गेमच्या डिस्कवर किंवा सॉफ्टवेअरवर घ्यायचा.

बटण दाबल्यावर बीप वाजतो, निळी लाइट लुकलुकत राहते, पांढरी होतच नाही, टीव्हीवर काहीच दिसत नाही आणि थोड्या वेळाने सगळं शांत. प्लेस्टेशन ४ वाल्यांना ही निळी लाइट चांगली माहीत असते. यामागे एचडीएमआयच्या (टीव्हीला चित्र नेणाऱ्या) साध्या वायरपासून मदरबोर्डपर्यंत, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डापर्यंत, काहीही निघू शकतं. म्हणून ती दिसली रे दिसली की "बोर्ड गेला" असं कुणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका.

लाइट पांढरी आहे, कंट्रोलर जोडला जातो, गेमचा आवाजसुद्धा येतो, पण चित्र नाही: मग कन्सोल बंद पडलेलाच नाही. चित्र टीव्हीपर्यंत पोचत नाही, एवढंच. त्याची तपासणी वेगळी.

तुमचं लक्षण तारीख-वेळेसह लिहून घ्या. कुठला गेम, किती वेळाने, लाइटचा रंग कोणता, खोलीत एसी होता की नुसता पंखा. आणि मोबाइल समोर ठेवून एकदा तरी बंद पडतानाचा व्हिडिओ काढा. व्हिडिओत कन्सोलची लाइट आणि टीव्हीची स्क्रीन दोन्ही दिसली पाहिजेत.

जागा बदलून बघा (खर्च शून्य)

कन्सोल कप्प्यातून बाहेर काढा. टेबलावर ठेवा, चारी बाजूंनी वीतभर जागा सोडा आणि तोच गेम, तेवढाच वेळ खेळा. एवढं केल्यावर बंद पडणं थांबलं, असे कन्सोल मी भरपूर पाहिले आहेत.

कारण सरळ आहे. प्लेस्टेशन ४ आणि ५, दोन्ही ५ ते ३५ अंश तापमानात चालवायला बनवलेले आहेत. मुंबईत ऑक्टोबरच्या दुपारी बाहेरचं तापमान ३५ च्या आसपास असतं. बंद कप्प्यात कन्सोलने बाहेर टाकलेली गरम हवा फिरून पुन्हा त्याच्याच तोंडाशी येते, आणि आतलं तापमान ही मर्यादा सहज ओलांडतं. प्लेस्टेशन ४ मागून गरम हवा सोडतो आणि आपल्याकडे टीव्ही युनिटची मागची बाजू प्लायने बंद असते. एक्सबॉक्स सिरीज एक्सची गरम हवा वरच्या जाळीतून निघते, आणि नेमकं त्याच जाळीवर रिमोट, गेमच्या डब्या, कधी गणपतीची छोटी मूर्ती ठेवलेली असते. धूळ बसू नये म्हणून शिवलेलं कापडी कव्हर कन्सोल चालू असताना काढायचं राहून जातं, हेही नेहमीचं.

मोकळ्यावर चालला आणि कप्प्यात बंद पडला, तर दोष कप्प्याचा. युनिटच्या मागच्या प्लायला सुताराकडून मोठं भोक पाडून घ्या किंवा कन्सोल कायमचा बाहेर ठेवा. मोकळ्यावरही बंद पडला तर नोंद करा: "मोकळ्या टेबलावर, पंख्याखाली, अमुक मिनिटांनी बंद." सर्व्हिस सेंटरचा पहिला प्रश्न हवेशीर जागेचाच असतो. त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार पाहिजे.

वीज (खर्च शून्य ते एका वायरचा)

एक्स्टेंशन बोर्ड काढा आणि कन्सोल थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. कन्सोल फार वीज खातो म्हणून हे सांगत नाही. प्लेस्टेशन ५ सुद्धा जास्तीत जास्त साडेतीनशे वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे २३० व्होल्टवर दीड ॲम्पिअर. घरातलं साधं ६ ॲम्पिअरचं सॉकेट त्याला पुरेसं आहे. दोष असतो तो ढिल्या पत्तीत. जुन्या इमारतीतल्या सॉकेटमध्ये पिन हलते, आत बारीक ठिणगी उडते, क्षणभर वीज तुटते आणि कन्सोल विझतो. त्याच सॉकेटवरचा ट्यूबलाइट नुसता लुकलुकला असता. प्लग हातात धरून हळूच हलवा. कानाला चरचर आली किंवा प्लग गरम लागला तर आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट बदलून घ्या. कन्सोलचं नंतर बघू.

मग कन्सोलकडची वायर. बऱ्याच कन्सोलना आठच्या आकाराची दोन पिनांची साधी वायर लागते. रेडिओला, प्रिंटरला असते तीच. शेजाऱ्यांकडून मागून लावून बघा. पहिला एक्सबॉक्स वन असेल तर त्याचा पॉवर सप्लाय बाहेर विटेसारखा असतो. तो भिंतीतून काढा, त्यावरची लाइट पूर्ण विझू द्या आणि परत लावा. विजेचा जास्त दाब आला की तो स्वतःला बंद करून घेतो, आणि असं केल्याने पुन्हा सुरू होतो.

स्टॅबिलायझर घेऊ नका. या कन्सोलचे पॉवर सप्लाय व्होल्टेजचा चढउतार स्वतःच सांभाळतात. विजेचा अचानक झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर मात्र जरूर लावा, आणि पावसाळ्यात तुमच्याकडे वारंवार लाइट जात असेल तर छोटा यूपीएस. गेम सेव्ह होत असताना वीज गेली की हार्ड डिस्कवरची माहिती बिघडते, आणि तिथून तिसऱ्या प्रकारचं लक्षण सुरू होतं.

चित्र नसेल तर वायर आणि रिझोल्युशन

एचडीएमआयची दुसरी वायर, टीव्हीचा दुसरा पोर्ट, जमल्यास दुसरा टीव्ही, याच क्रमाने बघा. सेट-टॉप बॉक्सची वायर घरात असतेच, ती लावा. वायर बदलून चित्र आलं तर विषय संपला.

नाही आलं तर प्लेस्टेशन ४ सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीचे पर्याय दाखवणाऱ्या मेन्यूत, घ्या. पूर्ण बंद करा आणि पॉवर बटण दाबून ठेवा. पहिला बीप लगेच वाजेल, दुसरा सुमारे सात सेकंदांनी. दुसऱ्या बीपनंतर बोट उचला. कंट्रोलर यूएसबी वायरने जोडावा लागतो आणि वायर डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगची चालत नाही. मेन्यूमधला दुसरा पर्याय रिझोल्युशन बदलण्याचा आहे. टीव्ही बदलल्यावर चित्र गेलं असेल तर यानेच येतं.

कन्सोलवरच्या एचडीएमआय पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. आतली पट्टी वाकलेली, तुटलेली किंवा बाजूला सरकलेली दिसली तर थांबा. ते सूक्ष्म सोल्डरिंगचं काम आहे. सुई घालून पिना सरळ करायला गेलात तर पोर्टबरोबर बोर्डवरची रेषही उखडते आणि खर्च कितीतरी वाढतो.

सॉफ्टवेअर आणि हार्ड डिस्क

त्याच सेफ मोडमध्ये पाचवा पर्याय डेटाबेस पुन्हा बांधण्याचा आहे. त्याने गेम आणि सेव्ह पुसले जात नाहीत. हार्ड डिस्कवरच्या वस्तूंची यादी नव्याने तयार होते. ठरावीक ठिकाणी गोठणाऱ्या कन्सोलवर हा उपाय आधी करा. सहावा आणि सातवा पर्याय मात्र सगळं पुसतात. बॅकअप नसेल तर त्यांना हात लावू नका.

बॅकअपचं मी कळकळीने सांगतो. प्लेस्टेशन ४ ची हार्ड डिस्क त्याच कन्सोलशी कुलूपबंद असते. बोर्ड गेला तर ती डिस्क दुसऱ्या कन्सोलला किंवा लॅपटॉपला लावून सेव्ह काढता येत नाहीत. दोन-तीन वर्षं खेळलेला गेम एका मिनिटात जातो आणि लहान मुलं अक्षरशः रडतात. कन्सोल धडपणे चालू आहे तोवर सेटिंगमध्ये जाऊन सेव्ह पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

डेटाबेस बांधूनही गोठत असेल आणि आतून टकटक आवाज येत असेल तर हार्ड डिस्क संपत आली आहे. प्लेस्टेशन ४ मध्ये लॅपटॉपची अडीच इंची डिस्क बसते. ती मालकाने स्वतः बदलावी अशीच रचना आहे आणि त्यासाठी कन्सोलचं पोट फोडावं लागत नाही. अडीच इंची एसएसडी घातली तर आणखी बरं.

धूळ, झुरळं आणि दमट हवा

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण मुंबईतल्या कन्सोलचं खरं दुखणं हेच आहे.

कन्सोलचा फॅन सगळ्या घरातली हवा ओढत असतो. रस्त्यापलीकडे इमारतीचं काम चालू असेल तर सिमेंटची बारीक पूड, खालून वाहनांचा धूर, घरातलं तेलकट फोडणीचं वारं आणि पंख्यावरचा कापूस, हे सगळं हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, पातळ पात्यांमध्ये जाऊन अडकतं. उघडलेल्या कन्सोलमध्ये मला बहुतेक वेळा पाती दिसतच नाहीत. त्यांच्या तोंडावर राखाडी, चिकट नमद्यासारखा थर असतो. चिमट्याने धरून ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघतो, बोटावर घासला तर तेल लागतं. फॅन पूर्ण वेगाने फिरत असतो, पण त्या थरातून हवा पलीकडे जातच नाही.

समुद्राजवळच्या घरांत आणखी एक त्रास. खारी हवा धुळीत मुरते आणि धूळ ओलसर राहते. बोर्डवरच्या धातूवर पांढरी-हिरवी पूड धरते. पावसाळ्यात महिनाभर बंद ठेवलेला कन्सोल गणपतीच्या सुट्टीत काढतात आणि तो चालू होत नाही, यामागे बऱ्याचदा हेच असतं. आठवड्यातून एकदा तासभर कन्सोल चालवणं हा त्यावरचा चांगला उपाय. आतल्या उबेने ओल टिकत नाही. एसीच्या थंड खोलीतून दमट खोलीत आणला असेल तर दोन तास तसाच ठेवा आणि मग चालू करा, कारण थंड धातूवर पाणी धरतं.

आणि झुरळं. अंधार, ऊब, शांतता, सगळं त्यांना कन्सोलमध्ये मिळतं. बारीक तपकिरी झुरळ जाळीतून सहज आत जातं आणि पॉवर सप्लायच्या पत्र्याखाली घर करतं. पत्रा काढल्यावर आत काळ्या ठिपक्यांचा सडा, सुकलेली कवचं आणि दोन संपर्कांच्या मध्ये जळून चिकटलेलं एखादं झुरळ, असं मी पाहिलेलं आहे. त्या एकाने शॉर्ट होऊन पॉवर सप्लाय जातो. कीटकांमुळे झालेलं नुकसान साधारणपणे वॉरंटीत धरत नाहीत, त्यामुळे हे टाळणं तुमच्याच हातात आहे. कन्सोलमध्ये स्प्रे कधीही मारू नका. तो ज्वलनशील असतो आणि बोर्डवर थर ठेवतो. टीव्ही युनिटच्या कोपऱ्यांत, बिजागऱ्यांजवळ झुरळांची जेल लावा आणि कन्सोलशेजारी खाणं बंद करा.

कन्सोल न उघडता सफाई अशी करा: प्लग काढा, गॅलरीत न्या, व्हॅक्यूम क्लीनरचं अरुंद तोंड जाळीला लावून धूळ बाहेर ओढा. ब्लोअर वापरत असाल तर हवा थांबून थांबून मारा आणि फॅन दिसत असेल तर तो काडीने अडवून धरा. जोराच्या हवेने फॅन वेडावाकडा फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं. प्लेस्टेशन ५ ची बाजूची पांढरी पाटी हाताने सरकवून निघते. खाली धूळ जमण्यासाठी मुद्दाम ठेवलेली दोन भोकं आहेत, तिथे व्हॅक्यूम लावा. एवढ्याने वॉरंटी जात नाही. मुंबईत हे दर तीन महिन्यांनी करायला हवं.

उघडण्याची वेळ आली तर

वॉरंटी शिल्लक असेल तर उघडू नका, मग यूट्यूबवर कितीही सोपं दिसो. बहुतेक कन्सोलना एक वर्षाची वॉरंटी असते, आणि सील फाटलेलं दिसलं की बोलणंच खुंटतं.

वॉरंटी संपली आहे, बाहेरून सफाई झाली, मोकळ्यावर ठेवला आणि तरीही उष्णतेनेच बंद पडतो, तर पुढची पायरी थर्मल पेस्टची. चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये राखाडी पेस्टचा पातळ थर असतो. चार-पाच वर्षांत तो सुकून खडूसारखा होतो आणि उष्णता वर चढतच नाही. चांगली पेस्ट लॅमिंग्टन रोडवर, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, काही शे रुपयांत मिळते. प्लेस्टेशन ४ साठी मध्ये भोक असलेला, ताऱ्याच्या आकाराचा टी८ किंवा टी९ स्क्रूड्रायव्हर बिट लागतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मटारच्या दाण्याएवढी नवी ठेवा आणि हीटसिंकचे स्क्रू आळीपाळीने आवळा. काढलेला प्रत्येक स्क्रू कुठला ते कागदावर काढून ठेवा. फॅनची आणि पट्टीसारखी वायर ओढून नका काढू, तिचं कुलूप आधी उचला.

हाताला सवय नसेल तर हे दुकानातच करून घ्या. खाली लिहिलेलं मात्र सवय असली तरी घरी करायचं नाही.

इथे थांबा

पॉवर सप्लायचा पत्रा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही तीनशे व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. सप्लाय गेला असेल तर अख्खा बदलतात. नवा घेताना लेबलवरचा नंबर आणि पिनांची संख्या जुन्याशी जुळवा, कारण प्लेस्टेशन ४ च्या पहिल्या मॉडेलमध्येच चार पिनांचे आणि पाच पिनांचे असे दोन्ही सप्लाय आहेत.

प्लेस्टेशन ५ चा हीटसिंक काढू नका. तिथे साध्या पेस्टऐवजी लिक्विड मेटल आहे. ते पातळ असतं आणि विजेचं वाहक असतं. एक थेंब शेजारच्या भागावर सांडला तर बोर्ड कायमचा जातो.

जळका वास, धूर, प्लग लावल्यावर एमसीबी पडणं, पाणी सांडलेलं असणं: यातलं काहीही असेल तर पुन्हा चालू करून बघू नका. प्लग काढा आणि तसाच घेऊन या.

आणि "हीट मारून देतो" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. निळी लाइट किंवा चित्र नाही अशा कन्सोलच्या चिपला हीट गन लावली की तो काही दिवस चालतो, मग पुन्हा जातो, आणि तोवर तुमचे पैसे गेलेले असतात. हे कुठून आलं ते सांगतो. एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये आला आणि त्याच्या बटणाभोवती तीन लाल लाइट लागून असंख्य कन्सोल बंद पडले. खेळताना चिप तापायची, बंद केल्यावर थंड व्हायची आणि या सततच्या आकुंचन-प्रसरणाने आतले बारीक जोड तडकायचे. त्या काळात लोक कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवायचे. तापल्यावर तडकलेला जोड क्षणिक टेकायचा, बस. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी शंभर कोटी डॉलरहून जास्त रकमेचा बोजा उचलला. एवढ्या मोठ्या कंपनीला ते करावं लागलं, कारण वेगवेगळ्या गावांतले लोक एकच लक्षण सांगत होते. तुमची नीट लिहिलेली तक्रार म्हणूनच महत्त्वाची.

सर्व्हिस सेंटरला नेताना

आता ती सगळी नोंद कामाला येते. काउंटरवरचा माणूस जॉब शीटवर (दुरुस्तीला दिल्याच्या पावतीवर) "नॉट वर्किंग" लिहितो आणि लोक सही करून मोकळे होतात. तसं करू नका. "मोकळ्या टेबलावर, थेट भिंतीच्या सॉकेटवर, जड गेम चालू असताना पंचवीस ते तीस मिनिटांनी गरम झाल्याचा इशारा येऊन बंद होतो, व्हिडिओ उपलब्ध" असं वाक्य जॉब शीटवर लिहून मागा. लिहायला नकार दिला तर तेच वाक्य आणि व्हिडिओ जॉब शीटच्या नंबरसह त्याच दिवशी ईमेल करा. तास-दीड तास जड गेम चालवून तपासा, अशी स्पष्ट विनंती त्यातच करा. फोनवरच्या बोलण्याचा मागे काही पुरावा राहत नाही.

देण्याआधी सिरीयल नंबरचा, सीलचा आणि चारी बाजूंचा फोटो काढा. आतली गेमची डिस्क काढून घ्या. कंट्रोलर आणि वायर मागितल्याशिवाय देऊ नका. दिल्यास जॉब शीटवर नोंदवा. वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा. "लिक्विड डॅमेज" म्हणत असतील तर आतल्या डागाचा फोटो मागायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

बिलाचं मात्र खरं सांगायला हवं. परदेशातून आलेला, बिलाशिवाय स्वस्तात घेतलेला पीस असेल तर इथली वॉरंटी बहुधा लागू होत नाही. निन्टेन्डोची तर भारतात अधिकृत विक्रीच नाही, त्यामुळे स्विचवाल्यांना दुकानदाराने लिहून दिलेल्या हमीवरच अवलंबून राहावं लागतं. विकत घेतानाच ती बिलावर लिहून घ्या.

दोनदा दुरुस्त होऊन तोच दोष आला, किंवा तारखांवर तारखा मिळत असतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. मराठीतून बोलता येतं. तिथून तक्रार कंपनीच्या तक्रार विभागापर्यंत जाते आणि बरीच प्रकरणं त्याच टप्प्यावर मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठल्याही शहरात असो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, ती "बघतो, करतो" ऐकण्यात घालवू नका. बिल, जॉब शीट, ईमेल आणि तारखेचा व्हिडिओ, एवढे कागद तिथे लागतात.

वॉरंटी संपली असेल आणि दुकान शोधायचं असेल

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून चालत लॅमिंग्टन रोडला जाता येतं. रविवारी बरेच गाळे बंद असतात. कुठल्याही गाळ्यात कन्सोल देताना आधी विचारा: चेकिंग चार्ज किती, दुरुस्ती नको म्हटली तरी तो द्यावा लागतो का, काढलेला जुना पार्ट परत मिळेल का, आणि दुरुस्तीवर किती दिवसांची हमी लिहून देणार. जुना पार्ट परत द्यायला जो का-कू करतो त्याच्याकडे मी स्वतःची वस्तू देणार नाही. डिस्क ड्राइव्ह "बदलून देतो" म्हणाले तर ड्राइव्हचा मूळ बोर्ड तोच ठेवणार का ते विचारा. प्लेस्टेशन ४ मध्ये तो मदरबोर्डशी जोडी जमवलेला असतो. दुसऱ्या कन्सोलचा लावला तर डिस्क वाचत नाही.

घेताना काउंटरवर दोन मिनिटं चालवून निघू नका. तुमच्या ज्या गेममध्ये बंद पडायचा तो बरोबर न्या, तिथेच लावा आणि निदान पाऊण तास बसा. दुकानदार कामाचा पक्का असेल तर स्वतःच खुर्ची पुढे करतो. घरी आल्यावर पहिले दोन दिवस कप्प्याबाहेर, मोकळ्यावर चालवा आणि बंद पडला तर वेळ लिहून हमीच्या मुदतीतच परत न्या.